खारबांधावरचा दुसरा

१

हरिश्चंद्र तोरसकरांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्यातलं बरंचसं पायी. खाडीकाठच्या वाड्या, सड्यावरची घरं, मधल्या चढउताराच्या पाणंदी; अशा मुलखात माणूस सायकलवर बसत नाही, सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते. पिशवीच्या ओझ्याने त्यांचा डावा खांदा जो खाली गेला, तो निवृत्तीनंतरही वर आला नाही. व्यायाम म्हणून कुणी चालतं याचं त्यांना हसू येई. पुढे साखर निघाली आणि मालवणच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्याही वर लिहिलं, रोज चाळीस मिनिटं चालणे. सावित्रीबाई म्हणाल्या, इतकी वर्षं औषध घेऊन वर पगार मिळत होता, आता पगाराशिवाय घ्या.

त्या सावित्रीबाई मार्चमध्ये भांडुपला गेल्या. धाकट्या लेकीचे, दिव्याचे, दिवस भरत आले होते आणि तिच्या सासरी करणारं कुणी नव्हतं. महिनाभरात येते म्हणाल्या, आणि त्या पोचल्याच्या आठव्या दिवशी सगळा देश बंद झाला. हरिश्चंद्रांना पेज करता येत होती आणि बांगडा भाजता येत होता. तेवढ्यावर माणूस जगतो, पण बोलायचं कुणाशी? चाळीस वर्षांच्या संसारात आपण घरात बोलत होतो की नुसतं ऐकत होतो, हा प्रश्न त्यांना त्या एप्रिलात पहिल्यांदा पडला. घर इतकं शांत झालं होतं की फ्रिजची घरघर थांबली की ते दचकत.

गावाने कृती दल नेमलं. दलाचे लोक रिक्षावर भोंगा लावून नियम सांगत फिरले. बाजार बंद, देवळाचा सभामंडप बंद, समुद्रावर जायला बंदी. समुद्र कसा बंद करतात, असं हरिश्चंद्रांनी फाटकातून विचारलं, तर रिक्षा पुढे निघून गेली होती. ज्यांच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी होती त्यांना सकाळी सहा ते सात चालायची मुभा मिळाली, मात्र एकट्याने आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच. दलाचा प्रमुख सत्यवान स्वतः सांगायला आला. फाटकाबाहेर उभा राहून, मास्कच्या आडून म्हणाला, "पोस्टमनकाका, तुमका खारबांध दिलो. थंय दुसरो कोण येवचो नाय, आणि तुमी दुसऱ्या वाटेक जावचा नाय."

खारबांध म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध. एका बाजूला मोकळी शेतं, त्यांच्या पलीकडे शाळा. दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन. बांध जिथे संपतो तिथे उघाडी आहे, म्हणजे पाणी सोडायचं लाकडी दार. त्याच्या पुढे वाट नाही, नुसतं पाणी. तिथवर जायचं आणि त्याच वाटेने मागे फिरायचं. हरिश्चंद्रांना ही वाट आवडली.

२

पंधराएक दिवस बरे गेले. एका सकाळी ते बांधावर चढले तर पुढे कुणीतरी चालत होतं.

बराच लांब होता. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, पाठ इकडे. हरिश्चंद्रांना आधी राग आला. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला दुसऱ्याने मोडलेला नियम फार लागतो. त्यांनी हाक मारली, कोण तां म्हणून. त्याने मागे पाहिलं नाही. चपलांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता, त्यांच्याच पावलाला पाऊल मिळवून. ते थांबले तसा तो आवाजही थांबला. पाण्यावरून आवाज परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याच चपला असणार, असं त्यांनी ठरवलं आणि पुढे निघाले.

शेवटच्या वळणावर कांदळवनामुळे तो दिसेनासा झाला. हरिश्चंद्र उघाडीपाशी पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ओहोटी होती. दोन्ही अंगांचा चिखल सारवल्यासारखा गुळगुळीत पडला होता आणि त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. चिखलात खेकडे-कुर्ल्या पकडायला उतरला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. मग चिखलाकडे पुन्हा पाहिलं आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं. परतीच्या वाटेवर त्यांना कुणी भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी सत्यवानाला फोन केला. सत्यवान भला माणूस, दोन सकाळी बांधाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. दोन्ही दिवशी त्याने एकच सांगितलं, की तुम्ही एकटेच गेलात आणि एकटेच आलात. वर प्रेमाने विचारलं, साखर वेळच्या वेळी तपासता ना? त्यानंतर हरिश्चंद्रांनी तो विषय कुणाकडे काढला नाही.

३

माणसाला कशाचीही सवय होते, एकट्या माणसाला जरा लवकर होते. आठवडाभरात त्यांची भीती गेली आणि खरं सांगायचं तर सकाळी बांधावर तो दिसला की बरं वाटायला लागलं. सबंध दिवसात दिसणारं तेवढंच एक माणूस. मग ते त्याच्याशी बोलू लागले. आधी पुटपुटणं, मग चांगलं खणखणीत. पेज करपली, कौलावर वानर आले, दिव्याला मुलगा झाला, सावित्री फोनवर रडली आणि मी तिला म्हटलं घाई करू नको, पण पोटातून वाटत होतं की आत्ताच्या आत्ता निघून ये. हे शेवटचं त्यांनी सावित्रीबाईंना कधी सांगितलं नव्हतं. बांधावरच्या परक्या पाठीला सांगितलं.

तो चालत राही. मान किंचित कललेली, ऐकत असल्यासारखी. अंतर दिवसेंदिवस कमी होत होतं. हाकेच्या टप्प्यावर होता, तो मे महिन्याच्या मध्यावर वीसेक पावलांवर आला. आपली चाल सुधारली, असं हरिश्चंद्रांनी त्याचं कारण काढलं. डॉक्टर खूश होतील.

एका सकाळी ते उघाडीला हात लावून मागे फिरले. त्यांची तशी रीतच पडली होती, दाराला हात लावायचा आणि फिरायचं. पाचसहा पावलं झाली असतील, आणि पाठीमागून अगदी जवळून आवाज आला.

"येतंय."

आता हा शब्द समजून घ्यायला हवा. या मुलखात निघणारा माणूस 'जातंय' म्हणत नाही. जातंय म्हणणारा परत येत नाही, ते बोलणं अशुभ. म्हणून निघताना म्हणायचं 'येतंय', आणि घरच्याने म्हणायचं 'येवा'. पाहुणा असो, कासार असो, मुंबईची गाडी धरायला निघालेला असो, हेच. हरिश्चंद्रांनी तर एकतीस वर्षं दारोदारी येतंय म्हटलं होतं आणि घराघरातून येवा ऐकलं होतं. जेवताना हात तोंडाकडे जातो तसं ते त्यांच्या अंगात होतं.

"येवा," ते म्हणाले.

पुढे दहा पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उत्तर दिलं. आवाज साधा होता, दिवसभराचं काम आटोपलेल्या माणसाचा. त्यांनी मागे पाहिलं नाही. घरी येऊन पाय धुतले, दोनदा धुतले, आणि दाराला कडी घालून खुर्चीत बसून राहिले.

४

दुसऱ्या दिवसापासून तो दिसेनासा झाला. बांध मोकळा, शेतं मोकळी. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण हरिश्चंद्रांना एकटं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

त्याच आठवड्यात सावित्रीबाईंना पास मिळाला. दिव्याच्या नवऱ्याने एका गाडीत जागा काढून दिली. खारेपाटणच्या नाक्यावर गाड्यांची रांग, पाच तास उन्हात, मग तपासणी, कसालवरून मालवणचा रस्ता, आणि संध्याकाळी गावच्या शाळेत. मुंबईहून आलेल्यांनी चौदा दिवस शाळेत राहायचं, घरच्यांनी शाळेकडे फिरकायचं नाही, डबा दलाची माणसं पोचवणार, हा नियम. अर्ध्या मैलावर बायको आणि भेट नाही. पण आता ती गावात होती. हरिश्चंद्रांनी त्या रात्री अडीच महिन्यांनी पोटभर भात खाल्ला, साखर गेली खड्ड्यात.

फोनवर सावित्रीबाईंनी सांगितलं की त्यांच्या वर्गाची खिडकी शेताकडे आहे आणि तिथून सबंध बांध दिसतो. सकाळी त्या खिडकीत उभ्या राहणार होत्या. हरिश्चंद्रांनी सदऱ्याला इस्त्री केली. सकाळी बांधाच्या मध्यावर थांबून त्यांनी शाळेकडे हात केला. लांब खिडकीत काहीतरी हिरवं हललं. त्यांना इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी सावित्रीबाईंचा फोन आला. "बघलंय हां तुमका. हात केलंय. पण तुमच्या पाठसून तो दुसरो कोण चला होतो?"

"खंयचो दुसरो? मी एकटोच आसंय."

"वीस पावलांर होतो. तो पण हात करी होतो, मेलो. माका काय वळखता?"

हरिश्चंद्रांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी सावकाश विचारलं, की पुढे चालत होतो तो मीच, हे तिला कशावरून कळलं.

सावित्रीबाई हसल्या. "चाळीस वर्सां तुमची पाठ बघतंय. डावो खांदो माका कळाचो नाय? मागच्याची चाल काय वळखीची वाटली नाय."

माणसाला जगातल्या सगळ्यांच्या पाठी दिसतात, आपली दिसत नाही. महिनाभर त्या पाठीमागे चालून हरिश्चंद्रांना तो खांदा कधी दिसला नव्हता. किंवा दिसला होता आणि मनाने पुढे ढकलला होता.

५

सरकारी नोकरी केलेला माणूस खातरजमा करतो. त्यांनी तिला सांगितलं की उद्या मी लाल पंचा घेऊन जाईन आणि तीनदा फिरवीन. सकाळी बांध मोकळा होता. पुढे कुणी नाही, मागे वळून पाहिलं तर तिथेही कुणी नाही. त्यांनी पंचा तीनदा फिरवला.

संध्याकाळी सावित्रीबाई म्हणाल्या, की पंचा त्या मागच्या बाबानेच फिरवला, वेड लागल्यासारखा. तुम्ही आपले शांतपणे पुढे चालत होता.

त्यानंतर हरिश्चंद्र घराबाहेर पडले नाहीत. खिडक्या लावून बसले. सहा वाजले, सात वाजले. अंगणात माडाचं झावळ पडलं तेवढाच आवाज. आज कुणी गेलंच नाही तर कुणी दिसणारही नाही, हा हिशोब त्यांना पक्का वाटत होता. दहाच्या सुमाराला त्यांनी फोन लावला आणि आज मी चालायला गेलो नाही, असं तिला मुद्दाम सांगितलं.

"खोटा कित्याक बोलतास?" सावित्रीबाईंचा आवाज लाडात आला होता. तसा आवाज त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "आज तर खिडकीखाली इलास. सत्यवान बघीत म्हणान माझोच जीव वर-खाली. माझ्या गुडघ्याचा इचारलास, नातवाचा इचारलास. फोनार तुमी नुसते आराडतास, थंय किती बरे बोललास."

"सावित्री, तो मी न्हय."

"आणि काय म्हणालास, की पेज करपली तेव्हा पोटातसून वाटला, आत्ताच्या आत्ता ये. माका रडूच इला."

हरिश्चंद्रांनी उठून दाराची कडी पाहिली. त्यांनी विचारलं, की निघताना तो काय म्हणाला.

"काय म्हणतले? येतंय म्हणालास."

"आणि तू?"

"मी काय, येवा म्हटलंय."

ते तिला ओरडले. त्याच्याशी बोलू नको, खिडकी लाव, तो मी नाही, देवाशपथ नाही. जितकं ओरडत गेले तितकं त्यांना स्वतःलाच कळत गेलं की हे वेड्याचं बोलणं आहे. पलीकडून सावित्रीबाई हळू आवाजात म्हणाल्या, की एकटं राहून राहून तुमच्या डोक्याला त्रास झालाय, मी आले की सगळं ठीक होईल. आता फोनवर नको, सकाळी खिडकीतच बोलू. आणि फोन ठेवला.

नंतर त्या फोन क्वचितच उचलत, आणि उचलला तरी सकाळीच तर बोललो, म्हणून ठेवून देत. हरिश्चंद्रांनी सत्यवानाला सांगून पाहिलं, शाळेच्या खिडकीखाली रोज एक माणूस येतो, त्याला अडव. सत्यवान अवघडला. म्हणाला, "काका, मीच तुमका सांगतलो होतंय. रोज थंय जाव नकात. लोक बोलतत." दिवसाला एक अशा गतीने हरिश्चंद्र चौदा दिवस मोजत होते. आपली बायको आपल्यापासून कुणी घेऊन चाललंय आणि आपण नियमाने घरात बसलोय, हे त्यांना समजत होतं. पण बाहेर पडलो तर बांधावर, शेतात, शाळेपाशी, कुठेही, आपण 'मागचा' असणार, याची त्यांना जास्त भीती वाटत होती.

६

चौदाव्या दिवशी सकाळी नऊला तिला सोडणार होते. हरिश्चंद्र पहाटेच उठले. चूल पेटवून पाणी तापवलं, अंघोळ केली, दाढी केली. आज ती घरी आली, समोर बसली, की तोंडावरून हात फिरवील आणि तिला कळेल. चाळीस वर्षं हातात असलेला माणूस डोळ्यांना फसवील, हाताला कसा फसवील? त्या विचाराने त्यांना धीर आला. इस्त्रीचा सदरा घालून ते भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले.

सदरा दोन्ही खांद्यांवर सारखा बसला होता.

त्यांनी डावा खांदा खाली पाडून पाहिला. सोडला की तो पुन्हा सरळ होई. एकतीस वर्षांचं ओझं कुणीतरी अलगद काढून नेलं होतं, आणि अंगाला त्याचं काही दुखलंही नव्हतं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मास्क लावला आणि निघाले. चालताना जाणवलं की पाय कसे टाकायचे ते ठरवावं लागतंय; अर्ध्या मैलाला पाऊण तास गेला.

शाळेत पोचले तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती. सत्यवान फाटकाशी टेबल मांडून कागदांत डोकं घालून बसला होता. वर्गांची दारं उघडी होती, गाद्या उन्हात टाकलेल्या. हरिश्चंद्रांनी सावित्रीबाईंचं नाव घेतलं.

"तोरसकरीण?" सत्यवानाने मान वर केली नाही. "तिका पोस्टमनकाका घेवन गेले मगाशीच, शेतातल्या वाटेन. आठाकच इलेले, धीर खंय तेंका."

७

हरिश्चंद्र धावले. साखरेचा माणूस, त्रेसष्ट वर्षांचा, पण धावले. पाणंदीत कुणी नव्हतं. फाटक लोटलेलं होतं आणि निघताना त्यांनी कुलूप घातलेलं दार आतून लावलेलं होतं.

आत आडाळ्यावर नारळ खवण्याचा आवाज येत होता. फोडणीचा वास येत होता. तीन महिन्यांत त्या घराला असा वास आला नव्हता, आणि त्या क्षणी, सगळ्या भीतीच्या आत, हरिश्चंद्रांना भूक लागली. सावित्रीबाई काहीतरी सांगत होत्या, बहुतेक नातवाचं, आणि मध्येमध्ये एक साधा, समजूतदार आवाज हुंकार देत होता. त्या आवाजाने काहीतरी विचारलं. सावित्रीबाई खळखळून हसल्या.

"सावित्री," त्यांनी हाक मारली.

खवण्याचा आवाज थांबला. सावित्रीबाई ओटीच्या खिडकीशी आल्या. वाळल्या होत्या, पण तोंडावर समाधान होतं. हरिश्चंद्रांनी मास्क खाली ओढला, तसा सावित्रीबाईंनी चटकन पदर नाकाला लावला. मग हरिश्चंद्रांकडे नीट पाहिलं, केसांपासून पायांपर्यंत. त्या पाहण्यात राग नव्हता, भीतीही फारशी नव्हती. त्यांच्या मागे, माजघराच्या अंधारात, पाटावर कुणीतरी इकडे पाठ करून जेवत बसलं होतं. डावा खांदा खाली. त्याने वळून पाहिलं नाही.

"गो, मी इलंय," हरिश्चंद्र म्हणाले. हात गजांकडे नेला.

सावित्रीबाई एक पाऊल मागे झाल्या. आणि तहसीलदार कचेरीत, बँकेत, शहरातून आलेल्या माणसांशी बोलायला त्या जी मराठी ठेवणीतली काढत, त्या मराठीत, अगदी अदबीने म्हणाल्या,

"कोण पाहिजे आपल्याला? पाणी हवं असेल तर तांब्या पायरीवर ठेवते. पण जरा लांब उभे राहा हं. घरात वयस्कर माणूस आहे."

हरिश्चंद्र मागे सरले. सहा फूट अंतर पडेपर्यंत मागे सरले.